चाचणी कुणासाठी घेता, तेवढं सांगा

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य



विषय जुनाच, नियतकालिक मूल्यांकन चाचणी. वरिष्ठांना दिलेल्या निवेदनांवर आवक क्रमांक पडले, उत्तर आलं नाही. म्हणून हे उघडपणे.

पायाभूत, संकलित एक, संकलित दोन. ३ चाचण्या, ३ विषय. ४० मुलांच्या वर्गात ३६० उत्तरपत्रिका. तपासतो, गुण चॅटबॉटवर भरतो. मूल कुठे अडलंय ते कळावं म्हणून हे सगळं, असं आपण म्हणता. मग २०२५ चं वेळापत्रक आठवा. पहिली ते नववीच्या परीक्षा ८ ते २५ एप्रिल, त्यातच संकलित दोन, निकाल १ मे. मध्ये ५ दिवस, त्यातला एक रविवार. तेवढ्यात उरलेले पेपर तपासायचे, बेरजा करायच्या, प्रगतिपुस्तकं लिहायची. भागाकारात अडलेल्या पोराला शिकवायचं कधी? मे महिन्यात, आमराईत गाठून?

रक्त काढायचं आणि रिपोर्ट रुग्ण सोडून बाकी सगळ्यांना द्यायचा, असा हा प्रकार आहे. त्याच गुणांवर मुलाचा निकाल, त्याच गुणांवर राज्याची आकडेवारी आणि बैठकीत पडद्यावर शाळांची टक्केवारीही त्याच गुणांची. ज्या गुणांवर शाळेची अब्रू ठरते, ते देतो त्याच शाळेचा शिक्षक. अशा वेळी फळ्यावर उत्तरं कशी उमटतात, हे आपल्यासारख्या अनुभवी माणसाला आम्ही काय सांगावं? त्या आकड्यांवर धोरण आखणं ही मात्र मुलांची फसवणूक आहे, आणि ती आम्ही एकटे करत नाही.

राज्याची स्थिती बघायची तर नमुना सर्वेक्षण पुरतं. ४ डिसेंबर २०२४ ला तिसरी, सहावी आणि नववीचं परख सर्वेक्षण झालं. त्याचे गुण कुणाच्या प्रगतिपुस्तकात चढले नाहीत. शिक्षण हक्क कायद्याचं २९ वं कलम भयमुक्त शिक्षण आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन मागतं. २००९ पासून ते पुस्तकात आहे.

मागण्या चारच. प्रत्येक चाचणीचा हेतू आधी लेखी जाहीर करा आणि गुण दुसऱ्या कामाला वापरू नका. कोणत्या प्रश्नात किती मुलं अडली, ते १५ दिवसांत वर्गशिक्षकाला कळवा. शाळांची क्रमवारी लावणं बंद करा. मुलाचे गुण त्याच्या पालकांखेरीज कुणापुढे वाचू नका.

जमणार नसेल, तर एप्रिलची चाचणी रद्द करा. तेवढे दिवस आम्ही शिकवू.

आपला,
जिल्हा परिषद शाळेतील एक शिक्षक