माफीचे रील थांबवा: पोलीस महासंचालकांना खुले पत्र

मा. पोलीस महासंचालक,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,


पुण्यातल्या एका वस्तीत मंडळाच्या खोलीत चालणारी अभ्यासिका मी संध्याकाळी सांभाळतो. दहावी-बारावीची, आयटीआयची आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं तिथं येतात. हे पत्र लिहितोय ते मात्र अभ्यासिकेच्या दारापर्यंत येऊन आत न शिरणाऱ्या, बाहेरच्या कट्ट्यावर मोबाइलमध्ये मान घालून बसणाऱ्या मुलांसाठी.

मुद्द्याचं आधी सांगतो. इन्स्टाग्रामवर कोयता नाचवणाऱ्या पोरांना उचलायचं, हात जोडायला लावायचे, त्यांचा माफीचा व्हिडिओ काढायचा आणि तो पुन्हा त्याच इन्स्टाग्रामवर सोडायचा, ही जी पद्धत पोलीस दलात रूढ झाली आहे ती बंद करावी. सराईतांचं काय करायचं ते आपण ठरवा. पंचविशीच्या आतल्या, पहिल्यांदाच सापडलेल्या मुलांपुरती तरी ती थांबवावी.

हे रील बनतं कसं, हे आपल्या सायबर कक्षाला ठाऊक असेलच. पण बनताना बघणं वेगळं. रात्री नऊच्या सुमाराला पाण्याच्या टाकीमागे सात-आठ पोरं जमतात. गॉगल एकाचा, जॅकेट दुसऱ्याचं, बुलेट तिसऱ्याच्या मामाची. मधोमध चालणाऱ्याच्या किती पावलं मागं राहायचं, हे बाकीच्यांना मोबाइल धरणारा सांगतो. तोच उलटा चालत शूट करतो आणि दर वेळी गटाराच्या झाकणाला अडखळतो. कुणी हसलं की पुन्हा पहिल्यापासून. मधल्याला तर हसायची बंदीच असते. चेहरा दगडासारखा ठेवायचा, मान किंचित तिरकी, कॅमेऱ्याजवळ आल्यावर एकदाच खाली बघायचं. स्लो मोशन आणि गाणं नंतर चढवतात. हा मधला मुलगा दुपारी आईच्या पोळीभाजीचे डबे पोचवायचा आणि गिऱ्हाइकांना काका-काकू म्हणायचा. त्याच्या बायोमध्ये एक मुकुट आहे, वाढदिवसाची तारीख आहे, ‘मम्मीचा लाडका’ आहे आणि त्याखाली ३०२. (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत खुनाचं कलम १०३ झालं, पण त्याला कट्ट्यावर अजून भाव नाही.)

सोंग तिथंच उतरलं असतं तर मी आपला वेळ घेतला नसता. रील चाललं की खाली ‘भाऊ’, ‘दादा’, ‘नाद खुळा’ असं लिहून येतं, तेही कधी न पाहिलेल्या गावांतून. डबे पोचवणाऱ्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा कुणी दादा म्हटलेलं असतं. दोन दिवसांनी आकडा उतरतो. पुढच्या वेळी तेच करून भागत नाही, काहीतरी चढवावं लागतं. आधी माणसं वाढतात, मग गाड्या, मग कुणाकडून तरी मागून आणलेला कोयता. ॲपला कोयत्याशी देणंघेणं नाही. बघणारा कशावर थांबला एवढंच ते मोजतं आणि तसलंच आणखी पुढं सरकवतं. कोयत्यावर बोट थबकतं, हे पोरांना कुणी शिकवावं लागत नाही.

मग चाल बदलते. रीलमधली तिरकी मान किराणा दुकानातही तिरकीच राहते. शेजारच्या वस्तीतल्या कुणी खाली खोचक लिहिलं तर उत्तर द्यावंच लागतं, कारण ते न दिल्याचं शेकडो जणांनी पाहिलेलं असतं. पूर्वी अशी भांडणं चौकात व्हायची आणि चौकातच विसरली जायची. आता ती स्क्रीनशॉट होऊन राहतात. मी पाहिलेली बहुतेक मुलं गुंड होती म्हणून रील करत नव्हती. रीलमधला दादा त्यांना दिवसभर निभवावा लागला आणि त्यातच ती अडकत गेली.

सगळा दोष मोबाइलच्या माथी मारण्यात अर्थ नाही. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर वर नेत्याचा मोठा फोटो आणि खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या रांगा, हे आपण सगळेच कित्येक वर्षं बघतो आहोत. त्या खालच्या रांगेत यायलाही मंडळात खपावं लागे, वर्गणीसाठी दारोदार हिंडावं लागे. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले, आणि ऑनलाइन शाळेसाठी घरात आलेल्या मोबाइलवर ज्याचा त्याचा फ्लेक्स लागला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तळोजा कारागृहातून सुटलेल्या पुण्यातल्या एका कुख्यात गुंडाची गाड्यांच्या ताफ्यासह द्रुतगती मार्गावरून मिरवणूक निघाली. गुन्हे दाखल झाले, पण चित्रफिती फिरायच्या त्या फिरल्याच. तेव्हा दहा-अकरा वर्षांची असलेली पोरं आज कट्ट्यावर बसतात.

मुलींचं निराळं. त्याच वस्तीतल्या मुलींची अकाउंट गुलाबाच्या नाहीतर बाहुलीच्या फोटोआड, खोट्या नावानं असतात. चेहरा दिसला तर पहिला मार घरातल्या ‘दादा’चाच. त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल, आणि ते आपल्या नावे नसेल.

आता माफीच्या रीलकडे येतो. आमच्याकडचा तो डबे पोचवणारा मुलगा कोयत्याच्या रीलपायी पकडला गेला. अठरा पूर्ण, म्हणजे कायद्यानं सज्ञान. आर्म्स ॲक्ट लागला, तो लागायलाच हवा होता. पण नंतर त्याला भिंतीसमोर उभं करून दोन वाक्यं म्हणायला लावली. आधी त्याचं ऐटीतलं रील, लगेच पुढं हात जोडलेला तो, मागं विनोदी संगीत, असा तो व्हिडिओ बाहेर आला. चार दिवस मुलगा घराबाहेर पडला नाही. आईनं डबे बंद ठेवले. पाचव्या दिवशी त्यानं तो व्हिडिओ स्वतःच्या प्रोफाइलवर घेतला आणि पिन करून सगळ्यात वर ठेवला. ‘लाज नाही वाटत?’ मी विचारलं. तो म्हणाला, ‘सर, पोलिसांनी काढलाय. माझ्या एकाही रीलला एवढे व्ह्यूज नव्हते.’

लाज त्याला वाटली होती, चार दिवस वाटली. पण सगळे सोबती ज्या पडद्यावर आहेत त्याच पडद्यावर हसं झाल्यावर तोंड लपवायला जागा कुठं असते? मग तीच बदनामी मिरवणं सोपं पडतं. शिवाय आता ती नुसती स्वतःची फुशारकी राहिली नव्हती. वर्दीनं तिच्यावर शिक्का मारला होता. आता तो डबे नेत नाही. काय करतो विचारलं तर सांगत नाही.

हा एकट्याचा किस्सा म्हणून सोडून देता आला असता. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिक पोलिसांनी गुंडगिरीविरुद्ध मोहीम उघडली तेव्हा काय झालं ते राज्यानं पाहिलं. पकडलेल्यांकडून ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ असं वदवून घेतलेले व्हिडिओ घरोघरी पोचले. राजकीय वजनवाल्यांनाही सोडलं नाही म्हणून लोक खूश झाले, मलाही बरं वाटलं. थोड्याच दिवसांत त्या वाक्यावर हौशी रील निघू लागले. जरब बसवण्यासाठी काढलेलं वाक्य ट्रेंड झालं. पुण्याच्या आयुक्तालयात फेब्रुवारी २०२४ मध्ये गुंडांची परेड घेऊन ‘रील टाकू नका’ अशी तंबी दिली गेली होती. म्हणजे रोग पोलिसांना नेमका कळलेला आहे. उतारा म्हणून दलानं स्वतःच रील काढावं, हे मात्र मला कळत नाही.

कायदा मी आपल्याला काय सांगणार! तरी बाल न्याय अधिनियम २०१५ ची आठवण देतो. कलम ७४ प्रमाणे अठराच्या आतल्या मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच कायद्यानं मुलाला नव्यानं सुरुवात करण्याचा हक्क दिला आहे, आणि काही अपवाद सोडले तर ठरावीक मुदतीनंतर त्याची नोंदसुद्धा नष्ट करायला सांगितलं आहे. चेहरा धूसर केला की झालं, असं समजू नये. वस्तीत पोरं चपलेवरून आणि आवाजावरून ओळखली जातात. आणि सतरा वर्षं अकरा महिन्यांच्या मुलाला मिळणारं हे संरक्षण अठराव्या वाढदिवसाच्या सकाळपासूनच्या गुन्ह्याला मिळत नाही, म्हणून तो त्या सकाळी मोठा झालेला नसतो. पोलिसांनी माध्यमांना तपासातलं काय आणि किती सांगावं, याची नियमावली करायला सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला सांगितलं. आता तर पोलिसांना पत्रकाराची गरजच उरलेली नाही, चॅनेल त्यांचंच आहे.

‘मग काय, पूजा करू यांची?’ असं एक अधिकारी मला म्हणाले. त्यांचा संताप खोटा नव्हता. रात्रीतून ज्याच्या रिक्षाची काच फुटली त्याच्यासमोर मीही त्या पोरांची बाजू घेऊ शकत नाही. गुन्हा नोंदवा, न्यायालयात उभं करा, दंड होऊ द्या. फक्त ते कॅमेऱ्याविना करा. ज्याला कुणीतरी बघावं म्हणून हा सगळा खटाटोप, त्याला प्रेक्षक मिळवून देणं ही शिक्षा नव्हे.

जाब इन्स्टाग्रामच्या कंपनीलाही विचारायला हवा. पुण्यात कोयता विकणाऱ्यांना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघायला सांगितलं गेलं होतं. इन्स्टाग्राम उघडायला तेरा वर्षं पूर्ण लागतात, आणि आमच्या वस्तीतल्या नऊ-दहा वर्षांच्या पोरांनी तिथं बिनधास्त खोटी जन्मतारीख टाकलेली आहे. कोयत्याच्या दुकानदाराइतकी तरी विचारपूस या कंपनीकडं व्हावी.

प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी असावा, असं तोच २०१५ चा कायदा सांगतो. त्या अधिकाऱ्याच्या टेबलावर दुसऱ्याच कामांचा ढीग असतो, हे मी पाहिलेलं आहे. त्याला या कामासाठी थोडा मोकळा करा. पकडलेल्या मुलानं त्याच्यासमोर, आई-वडिलांच्या देखत, स्वतःच्या हातानं ते रील डिलीट करावं. इतरांनी उचललेल्या प्रती काढायला पोलिसांनी कंपनीला लिहावं. मुलगा अठराच्या वर असला तरी हेच करावं. महिन्यातून एकदा त्या अधिकाऱ्यानं तालमीत, मंडळात, अभ्यासिकेत येऊन नुसतं बसलं तरी पुष्कळ होईल. व्याख्यान नको, पोरं व्याख्यानाला उठून जातात.

या सगळ्याला एकपानी परिपत्रक पुरेल. ते निघेपर्यंत जिल्ह्याजिल्ह्यांच्या पोलिसांच्या अधिकृत अकाउंटवर जे जुने माफीनामे आहेत, त्यांतले पंचविशीच्या आतल्यांचे आधी काढून टाकायला सांगा. त्याला ना निधी लागतो, ना मंत्रालयाची मंजुरी. एका दुपारचं काम आहे.

कळावे,
आपला,
एक अभ्यासिकाचालक, पुणे