फराळावर खापर फोडण्यापूर्वी

दिवाळी सरली की नवी मुंबईतल्या माझ्या दवाखान्यात पित्तवाल्यांची रांग लागते. सारे खापर चकली-करंजीवर फुटते, आणि बहुतेकांचे दोन दिवसांत निवळतेही. पण काहींचे दुखणे निराळे असते. त्याची खूण पोटात काय गेले यापेक्षा अंग कसे ठेवले यात सापडते.

गेल्या वर्षी नेरूळच्या एक काकू आल्या. रांगोळीला वाकल्या की छातीत आग, रात्री पाठ टेकली की आंबट पाणी घशाशी. सकाळी घसा बसलेला, वर कोरडा खोकला. उपास केला तरी तेच! असे ऐकले की मला हायटस हर्नियाची शंका येते.

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटलाचा पडदा असतो. त्यातल्या छिद्रातून अन्ननलिका जठराकडे उतरते. वय, स्थूलपणा, गरोदरपण, जुनाट खोकला किंवा शौचाला कुंथणे यांमुळे हे छिद्र सैल पडते आणि जठराचा वरचा भाग छातीकडे सरकतो. मग आम्ल रस वर चढू लागतो. पुष्कळांना मात्र काहीच त्रास होत नाही. निदान एंडोस्कोपीने किंवा बेरियम पाजून काढलेल्या क्ष-किरण चित्राने होते.

उपाय बहुधा घरचेच. रात्रीचे जेवण आणि झोप यांत ३ तासांचे अंतर ठेवावे. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली ६ इंचांचे ठोकळे द्यावेत. नुसत्या उशा रचल्याने पोट दुमडते. डाव्या कुशीवर निजावे, नाडी-पट्टा सैल ठेवावा, वजन उतरवावे. पित्ताच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नयेत. एवढ्याने भागले नाही तर शस्त्रक्रिया आहे. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळण्याची, डॉ. रूडॉल्फ निसेन यांनी १९५६ साली मांडलेली पद्धत आजही वापरात आहे.

घास अडकू लागला, वजन घटले, रक्त कमी झाले, तर तपासणी लांबवू नका. डांबरासारखा काळा मळ, रक्ताची उलटी, किंवा असह्य कळ येऊन उमासे येतात पण उलटी होत नाही, अशा वेळी तडक रुग्णालय गाठा.

आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. छाती दाबल्यासारखी होऊन घाम फुटला, धाप लागली, कळ हाताकडे वा जबड्याकडे गेली, तर सोडा-लिंबू करीत बसू नका. १०८ ला फोन करा, आधी ईसीजी! हर्निया उद्याही शोधता येईल. हृदयाला तेवढी सवड नसते.