लाट कोणाची?

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात लुनाडा बे नावाचा किनारा आहे. हिवाळ्यात तेथे उंच लाटा उसळतात. फळीवर उभे राहून लाटेबरोबर धावण्याचा सर्फिंग हा खेळ तेथे रंगतो. किनारा सार्वजनिक आहे. परंतु जवळपासचे काही रहिवासी तो आपलाच मानू लागले. ते नवख्यांना धमकावून पिटाळून लावतात, अशा तक्रारी वर्षानुवर्षे झाल्या. किनाऱ्यावर विनापरवाना बांधलेला त्यांचा दगडी अड्डा अखेर २०१६ साली पाडण्यात आला.

त्यांच्या म्हणण्यात मुळीच तथ्य नव्हते असे नाही. लाट जेथे प्रथम फुटते, त्याच्या सर्वांत जवळ असलेल्याने ती घ्यावी, इतरांनी थांबावे, असा या खेळाचा नियम आहे. तो मोडल्यास अपघात होतात. म्हणून नवख्याने तो शिकलाच पाहिजे. परंतु नियम शिकविणे निराळे आणि वाट अडविणे निराळे.

हवाई बेटांतील प्रसिद्ध जलतरणपटू ड्यूक कहानामोकू याने १९१५ साली ऑस्ट्रेलियातील फ्रेशवॉटर किनाऱ्यावर ही कला परक्या लोकांना दाखविली आणि परतताना आपली फळीही तेथेच ठेविली. समुद्राची खरी ओळख असणारा मनुष्य असाच उदार असतो. लाट क्षणात विरते; तिच्यावर मालकी कोणी सांगावी?