आकाशावरील प्रयोग आणि मध्यस्थाची जागा

आमच्या एका सभासदांनीं गेल्या महिन्यांत आम्हांस असा प्रश्न केला कीं, त्यांचा कृषिपदवीधर मुलगा परदेशांतील एका संशोधनसंस्थेंत बाह्यव्यवहार अधिकाऱ्याच्या जागेसाठीं अर्ज करूं इच्छितो. म्हणजे संस्थेच्या वतीनें सरकार, वर्तमानपत्रें व सामान्य लोक यांच्याशीं बोलण्याचें काम. ही संस्था सूर्याचा ताप अडवून पृथ्वी थंड करण्याच्या उपायांचा शोध करते. पगार चांगला आहे. परंतु गांवांतील जाणतीं माणसें म्हणतात कीं, ही पावसाशीं खेळणाऱ्यांची वकिली आहे. तेव्हां मुलास अर्ज करूं द्यावा कीं नाहीं? प्रश्न एका घरचा दिसला तरी तो सर्व शेतकरीवर्गाचा आहे, म्हणून त्याचा विचार आम्ही येथें जाहीरपणें करीत आहों.

प्रथम हें संशोधन कसलें तें पाहूं. जून १९९१ मध्यें फिलिपाइन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीचा स्फोट होऊन दीड ते दोन कोटी टन गंधकाचा वायु आकाशाच्या वरच्या थरांत गेला. त्यापासून झालेले सूक्ष्म कण सूर्यप्रकाश परत फेंकीत राहिले आणि पुढील वर्षीं जगाचें सरासरी उष्णतामान सुमारें अर्धा अंश उतरलें. जें ज्वालामुखीनें केलें तें माणसानें मोजून मापून करावें काय, याचा अभ्यास व्हावा असें नोबेल पारितोषिकाचे मानकरी पॉल क्रुट्झेन यांनीं २००६ सालीं सुचविलें. तेव्हांपासून या विषयाकडे पैसा व माणसें वळूं लागलीं. २०२५ सालीं ब्रिटनच्या एका सरकारी संस्थेनें अशा संशोधनासाठीं सुमारें ५ कोटी ७० लक्ष पौंड जाहीर केले. मात्र ही छत्री आहे, औषध नव्हे. हवेंत सांचलेला कर्बवायु तिनें कमी होत नाहीं. आणि बराच काळ उघडी असलेली छत्री एकाएकीं मिटली, तर दाबून ठेवलेली उष्णता थोड्याच वर्षांत उसळून येईल.

आतां आमच्या शेताशीं याचा संबंध काय? मोसमी पाऊस हा जमीन व समुद्र यांच्या तापण्यांतील फरकावर चालतो. सूर्याचा ताप कमी केला तर आशिया व आफ्रिका यांचा उन्हाळी मोसमी पाऊस दुबळा होण्याचा संभव आहे, असें २००८ सालच्या एका गणिती अभ्यासांत दिसलें. हे कण केवळ उत्तर गोलार्धांत पसरले तर आफ्रिकेच्या साहेल प्रदेशांत अवर्षण पडेल, असें २०१३ सालच्या दुसऱ्या अभ्यासानें दाखविलें. उलटपक्षीं मात्रा बेताची व दोन्ही गोलार्धांत समतोल असल्यास पावसांतील बिघाड पुष्कळ कमी राहील, असेंही कांहीं गणितें सांगतात. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतही या विषयाचा अभ्यास झालेला आहे. सारांश, निकाल लागलेला नाहीं. आणि ज्या खटल्याचा निकाल लागलेला नाहीं, त्यांत ज्याची पेरणी मृगाच्या पावसावर आहे त्याचें म्हणणें कोणी तरी मांडलें पाहिजे.

आजवर हे प्रयोग कोठें फसले तें पाहण्यासारखें आहे. २०२१ सालीं हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं स्वीडनमधील किरुना येथें एक फुगा उडविण्याचें योजिलें. त्या पहिल्या उड्डाणांत कांहींही सोडावयाचें नव्हतें, केवळ उपकरणें तपासावयाचीं होतीं. परंतु तेथील सामी लोकांच्या परिषदेनें हरकत घेतली, उड्डाण रद्द झालें, आणि २०२४ सालीं तो उपक्रमच गुंडाळला गेला. त्याच २०२४ सालीं क्यालिफोर्नियांतील अलामेडा येथें एका जुन्या युद्धनौकेवरून समुद्री मिठाचे तुषार उडविण्याचा प्रयोग नगराधिकाऱ्यांस नीट कल्पना न देतां सुरू झाला. नगराच्या तज्ज्ञांस त्यांत आरोग्यास अपाय दिसला नाहीं. तरीही नगरसभेनें एकमतानें नकार दिला. दोन्ही ठिकाणीं लोकांस विचारण्याचें काम मागें पडलें होतें. आमच्या बाजारांत रुमालाखालीं बोटें धरून भाव ठरविण्याची चाल होती, ती वाचकांस ठाऊक आहेच. भाव रास्त असला तरी मालधन्यास तो पटत नसे, कारण तो त्याच्या डोळ्यांआड ठरलेला असे.

आमच्या प्रांताचाही एक दाखला आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें २०१८ व २०१९ सालीं सोलापुराकडे मेघबीजनाचा प्रयोग केला व कांहीं क्षेत्रांत पाऊस सुमारें १८ टक्के वाढल्याचा निष्कर्ष पुढें प्रसिद्ध केला. मेघबीजन हें निराळें काम. तें असलेल्या ढगापुरतें व कांहीं तासांपुरतें असतें. परंतु शिकण्यासारखी गोष्ट ही कीं, निष्कर्ष शास्त्रज्ञांच्या नियतकालिकांत छापणें आणि तो शेतकऱ्याच्या भाषेंत बांधावर पोहोंचविणें हीं दोन कामें आहेत. दुसरें काम करणारा माणूस शेतीच्या घरचा असेल तर तें बरें होईल.

यावर असा आक्षेप येईल कीं, आमचीं मुलें तेथें बसवून ती संस्था आमच्या संमतीचा देखावा करील. आक्षेप खोटा नाहीं. म्हणून अर्ज करण्यापूर्वीं चार गोष्टी विचारून घ्याव्या. पहिली, पैसा कोणाचा, आणि या कृतीचें पेटंट कोणाच्या हातीं आहे? इंग्लंडांत नळीनें पाणी उंच फवारण्याचा असाच एक प्रयोग २०१२ सालीं रद्द झाला, त्यास पेटंटाचा वाद हें एक कारण होतें. दुसरी, जागा ठरण्याआधीं या अधिकाऱ्यास कळविणार, कीं ठरल्यावर? तिसरी, 'हें आम्हांस अद्याप ठाऊक नाहीं' असें चारचौघांत म्हणण्याची व प्रतिकूल निष्कर्षही सांगण्याची त्यास मोकळीक आहे काय? चौथी, लोकांचा नकार चालकांपुढें मांडण्याचा व तो टिपणांत नोंदविण्याचा त्यास हक्क आहे काय? हीं चारही उत्तरें समाधानकारक असतील तर तो मध्यस्थ होय. नसतील तर तो केवळ दलाल, आणि तेवढ्यासाठीं परदेशीं जाण्याचें कारण नाहीं.

आमचें मत असें कीं, मुलानें अर्ज करावा. पण अर्जांत आपल्या शंका लपवूं नयेत. कर्बवायु कमी करण्यास हा उपाय पर्याय होऊं शकत नाहीं, आणि ज्यांच्या पावसावर परिणाम संभवतो त्यांस आधीं विचारावें, हीं दोन वाक्यें त्यानें स्वच्छ लिहावीं. या वाक्यांमुळें नोकरी गेली तर गेलेली नोकरी घेण्याजोगी नव्हती असें समजावें. आणि मिळाली, तर सालांतून एकदां पेरणीच्या वेळीं घरीं येऊन त्यानें चार कास्तकारांपुढें आपल्या कामाचा हिशेब द्यावा. त्यांस तो तोंड दाखवूं शकला म्हणजे त्याचें काम योग्य रीतीनें चाललें आहे, असें आम्ही मानूं.