खेळण्यांची पुस्तके?

सरस्वतीपुरम येथील आमच्या लहानशा मराठी ग्रंथसंग्रहाची वार्षिक खरेदी ठरविण्यासाठी नुकतीच समिती बसली होती. एका सभासदाने दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांवरील दोन सचित्र संदर्भग्रंथ घ्यावेत अशी सूचना मांडली. विमानांच्या छोट्या प्रतिकृती जुळविणारी चार-पाच मुले आमच्याच घरांतली आहेत व त्यांना हे ग्रंथ हवे आहेत, एवढेच त्यांचे म्हणणे. सूचना हसण्यावारी गेली. "मंडळाच्या पैशाने खेळण्यांची पुस्तके कशाला?" असे एका ज्येष्ठांनी विचारले आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्याच बैठकीत, कोणीही न उघडलेल्या एका चरित्रमालेचे उरलेले खंड विनातक्रार मंजूर झाले, हे नमूद करणे आम्हांस प्राप्त आहे.

हे ग्रंथ म्हणजे काय, ते हसणाऱ्यांपैकी किती जणांनी पाहिले आहे? सहा फुटांस एक इंच या मापाने बांधलेले चाळीस फूट पंखविस्ताराचे हरिकेन विमान वीतभरही भरत नाही. एवढ्याशा त्या वस्तूवर मुलगा महिना महिना घालवितो, आणि पावलोपावली त्याला प्रश्न पडतो. वैमानिकाच्या बैठकीमागचा भाग पत्र्याचा की कापडाचा? हरिकेनचा तो भाग सांगाड्यावर ताणलेल्या कापडाचा होता व त्याच्या फासळ्या बाहेरून जाणवत. स्पिटफायरचा मात्र धातूचा. छायाचित्रातील काळपट पट्टा निळा की तांबडा? जुन्या काही फिल्मा तांबड्या रंगाला आंधळ्या असत. त्यांत तांबडा नि पिवळा काळवंडतो आणि निळा फिकट उमटतो. हे ज्याला ठाऊक नाही तो अस्सल छायाचित्र समोर ठेवूनही चुकतो. चांगला संदर्भग्रंथकार कारखान्याचे नकाशे, रंगासंबंधीचे लष्करी हुकूम आणि छायाचित्रे एकमेकांशी ताडून पाहतो, आणि पुरावा जेथे तुटतो तेथे तसे स्पष्ट लिहितो. आमच्या किती चरित्रकारांनी हे पथ्य पाळले, याचा हिशेब समितीने एकदा करावा.

आता एका ठिपक्याची गोष्ट ऐका. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर १९४३ साली ब्रिटिश व हिंदी विमानांवरील वर्तुळातला तांबडा ठिपका काढून टाकण्यात आला. जपानी विमानांवर तांबडा सूर्य असे. दोहोंचा घोटाळा होऊन आपलीच तोफ आपल्यावर चालू नये, हे कारण. त्या आघाडीवर हिंदी वायुदलाची हरिकेन विमाने लढली. खोक्यावरील विलायती चित्र पाहून आमचा मुलगा हिंदी विमानावर तो ठिपका रंगवितो, आणि त्याला सांगणारे घरात कोणी नसते. आपले लोक तेथे लढले हेही मग त्याला कळत नाही.

याहून जवळची गोष्ट खुद्द म्हैसूरची आहे. ब्रिटिश वायुदलाचे १२९ वे पथक १९४१ साली स्पिटफायर विमानांनिशी उभे राहिले, ते 'म्हैसूर' या नावाने. या संस्थानाने युद्धासाठी दिलेल्या देणगीची ती पावती होती. पथकाच्या मानचिन्हावर गंडभेरुंड होता. तोच पक्षी म्हैसूर विद्यापीठाच्या मुद्रेवर आहे. कुक्करहळ्ळी तळ्याकाठी सकाळी फिरावयास जाणाऱ्या आमच्या सभासदांनी तो शेकडो वेळा पाहिला असेल. या पथकाने १९४४च्या उन्हाळ्यात मस्टँग विमानांतून जर्मनांचे उडते बॉम्ब पाडले. आणि १२४ वे पथक कोणाचे? बडोद्याचे! गायकवाडांच्या नावाने मराठी माणसाची छाती फुगते. पण 'बडोदा' नाव वाहणारे स्पिटफायर पथक होते आणि त्याचे चिन्ह मुंगूस होते, हे समितीतील एकासही ठाऊक नव्हते. आम्हांलाही ते एका पंधरा वर्षांच्या मुलाने सांगितले, तेही याच 'खेळण्यांच्या' पुस्तकातून.

या ग्रंथांची आम्ही आरती करीत नाही. आमच्या पाहण्यातल्या इंग्रजी ग्रंथांत या पथकाची डी-व्ही ही अक्षरे विमानाच्या अंगावर कोठे होती ते सापडते. म्हैसूरचा पैसा कोणाच्या खिशातून आला, यावर अर्धी ओळही नाही. पण त्याबद्दल विलायती लेखकाला दोष द्यावयाचा कोणत्या तोंडाने? काश्मीरच्या आकाशात १९४७-४८ साली स्पिटफायर आणि टेंपेस्ट विमाने लढली. त्या मोहिमेत महावीरचक्र मिळविणारे आणि पुढे १९७६ साली वायुसेनाध्यक्ष झालेले हृषीकेश मुळगावकर आपलेच. त्या विमानांचा रंग सांगणारे मराठी पुस्तक आम्ही शोधतो आहोत. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली म्हैसूर सरकारला भागीदार करून बंगळुरास विमानांचा कारखाना काढला आणि १९४२ साली तेथे हॉक जातीचे लढाऊ विमान जुळले. त्याचेही तेच.

मुले इंग्रजी वाचतात, मग मराठीत कशाला, असे कोणी म्हणेल. भाषेला शब्द नाहीत असेही म्हणेल. लांबी भरणे, कानस मारणे, अस्तराचा हात देणे, सांधा बुजविणे हे शब्द आमच्या सुतार-रंगाऱ्यांनी तयार ठेवले आहेत. लेखकांनी ते उचलावयाचे तेवढे बाकी आहे.

आमचे वाचक बदलीच्या नोकरीतले. दिल्लीस असाल तर पालमच्या वायुसेना संग्रहालयात हरिकेन व स्पिटफायर प्रत्यक्ष उभी आहेत. बंगळुरास असाल तर विमानकारखान्याचे संग्रहालय आहे. आयुष्यभर टिपणे लिहिलेल्या माणसांना तेथे एक वही घेऊन जाणे जड नाही. आणि ज्यांच्या घरी आजोबांची उड्डाणवही किंवा ब्रह्मदेशातील छायाचित्रे ट्रंकेत पडली असतील, त्यांनी ती रद्दीवाल्याचा काटा येण्याआधी बाहेर काढावीत.

समितीच्या पुढील बैठकीत तीच सूचना आम्ही स्वतः मांडणार आहोत. ज्यांची हरकत असेल त्यांनी ती लेखी आणावी, आणि त्याआधी पुस्तक चाळावे. एक प्रत त्या मुलाने उसनी दिली आहे. ती आमच्या टेबलावर आहे, संध्याकाळी सहानंतर केव्हाही यावे.