कोड कुणासाठी लिहायचा?

मित्रांनो, एक साधा प्रश्न. गेल्या सेमिस्टरला तुम्ही किती प्रोग्राम लिहिलेत? वीस-पंचवीस तरी असतीलच. आणि दुसऱ्याचे किती वाचलेत? सबमिशनच्या आदल्या रात्री शेजारच्या रूममधून पेन ड्राइव्हवर आणलेले यात धरू नका. ते आपण वाचत नाही, वरचं नाव आणि रोल नंबर तेवढा बदलतो!

आपली गोची इथेच आहे. कॉलेजात प्रोग्राम एकदाच चालावा लागतो, एक्स्टर्नलसमोर. आउटपुट आलं, सही झाली, विषय संपला. व्हेरिएबलला ए, बी, टेम्प, टेम्प-टू अशी नावं दिली काय किंवा स्वतःच्या 'क्रश'चं नाव दिलं काय, कंपायलर हूं की चूं करत नाही. मेसची भाजी आपण जशी मुकाट्याने गिळतो, तसा तो नियमात बसणारं काहीही गिळतो.

कंपनीत गेल्यावर मात्र चित्र पालटतं. कोरा करकरीत प्रोजेक्ट मिळेल या स्वप्नात आपण असतो आणि वाट्याला येतं मेंटेनन्स. कोड दहा वर्षांपूर्वीचा, लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या देशातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांना मोठं काम मिळालं ते 'वायटूके'चं. म्हणजे काय, तर जुन्या प्रोग्राममध्ये वर्षासाठी दोनच आकडे राखलेले असायचे, ते शोधून दुरुस्त करायचे. थोडक्यात, दुसऱ्याचं लिहिलेलं वाचायचं. ज्या कामावर हा धंदा वाढला, ते आपल्या सिलॅबसमध्ये कुठे आहे?

"कोड चालतोय ना, मग दिसायला कसा का असेना!" असं म्हणणाऱ्यांसाठी एक खरी गोष्ट. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलला आयफोनसाठी तातडीने दुरुस्ती काढावी लागली. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ लागोपाठ दोनदा पडली होती. 'इफ'नंतर महिरपी कंस नव्हते, त्यामुळे अट पहिल्या ओळीपुरतीच लागू होती. दुसरी ओळ दरवेळी चालायची आणि पुढची सही-तपासणी वगळून उडी मारायची. त्या क्षणी एररची किंमत शून्य असल्याने फंक्शन सांगायचं, सगळं ठीक आहे! डाव्या बाजूची मोकळी जागा मात्र अशी सोडलेली, की दोन्ही ओळी 'इफ'च्या आतल्याच वाटाव्यात. डोळ्याला एक दिसत होतं, मशीन दुसरंच करत होतं. सप्टेंबर २०१२ च्या आयओएस ६ पासून, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष हे असंच चाललं. कंपायलर खूश, आउटपुट बरोबर. आपल्याकडे दहापैकी दहा मिळाले असते!

म्हणूनच चांगल्या टीममध्ये कोड मुख्य प्रोग्राममध्ये जाण्याआधी दुसऱ्या माणसाच्या नजरेखालून जातो. हे खूळ नवं नाही. आयबीएमच्या मायकेल फॅगन यांनी अशा पद्धतशीर तपासणीवर १९७६ मध्येच लेख लिहिला. पण रिव्ह्यू म्हणजे जादूची कांडी नव्हे. ओपन-एसएसएलमधली 'हार्टब्लीड' ही चूक दुसऱ्याने कोड पाहिल्यानंतरच आत गेली होती, २०११ च्या शेवटच्या दिवशी. समोरच्याने सांगितलेली लांबी खरी आहे का, हे तपासायचं राहून गेलं होतं. ते जगासमोर आलं एप्रिल २०१४ मध्ये.

तेव्हा सही करणं वेगळं आणि वाचणं वेगळं. सर-मॅडम, रागावू नका, पण प्रॅक्टिकल फाईल न उघडता केलेली सही आम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. कंपनीतही तेच होतं. चाळीस ओळी तपासायला दिल्या तर माणूस वाचतो, दोन हजार दिल्या तर "ठीक वाटतंय" लिहून चहाला जातो. म्हणून बदल छोटा ठेवावा. कॉमेंटमध्ये 'आयमध्ये १ मिळवला' असं लिहू नये, ते दिसतंच आहे. 'फाईलच्या पहिल्या ओळीत मथळे आहेत, म्हणून १ पासून सुरुवात' असं कारण लिहावं.

आणि तपासणाऱ्याने? "हे काय लिहिलंयस!" म्हटलं की लिहिणारा पुढच्या वेळी कोड लपवतो. "ही अट मला कळली नाही, समजावशील का?" म्हटलं की बऱ्याचदा समजावताना त्यालाच चूक सापडते. आपल्याकडे "कळलं नाही" म्हणायची लाज वाटते, त्यातून समोर सीनियर असला तर विचारायलाच नको. पण ज्या कोडबद्दल कुणी "कळलं नाही" म्हणू शकत नाही, त्या कोडमधली चूक ग्राहकालाच सापडते.

आता कुणी म्हणेल, कोड लिहून द्यायला एआय आहे की! आहेच. मिनिटात शंभर ओळी मिळतात. पण त्या शंभर ओळी बरोबर आहेत हे कोण ठरवणार? लिहिणं जितकं स्वस्त होईल, तितकी वाचणाऱ्याची गरज वाढेल.

स्टाफकडे एकच मागणी आहे. प्रॅक्टिकलच्या मार्कांपैकी थोडे मार्क दुसऱ्याचा प्रोग्राम वाचून त्यावर लेखी शेरे देण्यासाठी ठेवा. पाठ केलेल्या व्याख्यांच्या वायव्हापेक्षा त्यातून कुणाला काय कळलंय ते लवकर दिसेल. आणि हॉस्टेलकरांनो, तुम्हाला तर परवानगीचीही गरज नाही. आज रात्री पार्टनरला आपला प्रोग्राम द्या आणि तोंडातून एक शब्द न काढता शेजारी बसा. तुम्ही काही न सांगता त्याला तो कळला, तर समजा कोड लिहिता येऊ लागला.