श्रद्धा आपली, किल्ल्या त्यांच्या

एखाद्या कडक धर्मसमूहात शिकलीसवरलेली माणसंही निमूटपणे मान का डोलावतात? 'अंधश्रद्धा' हे नेहमीचं उत्तर अपुरं आहे. मनात शंका असलेले लोक अशा समूहांत भरपूर असतात, पण ते बोलत नाहीत. कारण मुलांची लग्नं, घरातली मर्तिकं, धंद्यातली गिऱ्हाइकं आणि शेजारपाजार या सगळ्याच्या किल्ल्या एकाच सत्तेच्या हाती असतात. वाद या किल्ल्यांचा आहे, देवाचा नाही.

१. भल्याभल्यांना वाकावं लागलं आहे. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. हजर असलेल्यांत न्या. रानडे होते, टिळकही होते. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. मिशनमधल्या चहाने माणूस बाटतो असं रानडे मानत नव्हते, तरीही १८९२ मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतलं. आपल्यासोबत अडकलेल्या स्नेह्यांची आणि त्यांच्या घरच्यांची अडचण त्यांना बघवेना. बहिष्कार घालणाऱ्यांना हे नेमकं ठाऊक असतं. विचार करणाऱ्याला थेट वाकवता आलं नाही, तर त्याच्या लेकीच्या सोयरिकीतून आणि वडिलांच्या श्राद्धातून वाकवता येतं.

२. हे दुखणं एका धर्माचं नाही. मुंबईत मोठी वस्ती असलेल्या दाऊदी बोहरा समाजात वयात येताना धर्मगुरूंशी निष्ठेची शपथ, म्हणजे मिसाक, घेतली जाते. लग्नासारख्या विधींना धर्मगुरूंची रजा, म्हणजे परवानगी, लागते. या श्रद्धेबद्दल बाहेरच्याने बोलण्याचं कारण नाही. पण वर्गणीचा हिशेब मागणाऱ्यांना आणि धर्मगुरूंचे ऐहिक अधिकार नाकारणाऱ्यांना समाजाबाहेर टाकलं जातं, घरचेही त्यांच्याशी संबंध तोडतात, अशी तक्रार असगर अली इंजिनियर यांच्यासारख्या सुधारकांनी वर्षानुवर्षं केली. न्या. नथवानी यांच्या आयोगाने १९७९ च्या अहवालात अशा तक्रारींची दखल घेतली. ही समाजाची धार्मिक शिस्त आहे, असं धर्मपीठाचं म्हणणं राहिलं आहे.

३. विचार एका दिवसात मरत नाही. पहिला प्रश्न घरातच दाबला जातो. 'उगाच कशाला, ताईचं लग्न व्हायचंय' हे बोलणारी आई धर्मवेडी नसते, व्यवहारी असते. मग माणूस घरात एक आणि बैठकीत दुसरं बोलायला लागतो. पुढे पुढे घरातलं बोलणंही बंद होतं. त्याच्या मुलांनी तर तो प्रश्न कधी ऐकलेलाच नसतो. बाहेरून याला 'समाजाची एकजूट' म्हणतात. प्रत्यक्षात शेजारचा गप्प आहे म्हणून प्रत्येक जण गप्प असतो, आणि शंका फक्त आपल्यालाच आहे असं समजतो.

४. 'समूहाला शिस्तीचा हक्क नाही का?' आहे. नियम न पाळणाऱ्याला पूजेचा मान देऊ नका, पद देऊ नका. पण सख्ख्या भावाने त्याच्याशी बोलू नये, त्याच्या दुकानात कुणी जाऊ नये, त्याच्या मयताला कुणी खांदा देऊ नये, ही शिस्त नव्हे, शिक्षा आहे. सभासदत्व स्वेच्छेचं आहे असं म्हणायचं असेल, तर बाहेर पडणाऱ्याचं घरदार शाबूत राहिलं पाहिजे.

५. न्यायालयाचं घोंगडं फार काळ भिजत पडलं. मुंबई राज्याने १९४९ मध्येच बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर तो चार विरुद्ध एक मतांनी रद्द ठरवला. ते एक मत सरन्यायाधीश सिन्हा यांचं होतं: बहिष्कृत माणूस आपल्या समाजात जवळजवळ अस्पृश्य होतो, म्हणून त्याला वाचवणारा कायदा योग्य आहे. या निकालाच्या फेरविचाराची मागणी १९८६ मध्ये झाली. २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांनी तो प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला. मधल्या सदतीस वर्षांत एक पिढी बहिष्कार सोसून म्हातारी झाली.

६. महाराष्ट्राच्या हाती कायदा आहे. जातपंचायतींविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलन समितीने चालवलेल्या मोहिमेनंतर विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला आणि २०१७ मध्ये तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. त्याची व्याख्या जातीपुरती नाही, धर्मपंथांनाही लागू होते. मात्र तक्रार घेऊन आलेल्याला 'आपसात मिटवा' म्हणून परत पाठवलं, तर तो पुन्हा त्याच पंचांच्या दारात जातो. कायद्यात तडजोडीची सोय आहे, पण तीही पीडिताच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीने. पोलीस ठाण्यातल्या बाकावर ती होऊ शकत नाही.

७. मागण्या साध्या आहेत. बहिष्कार प्रतिबंधक अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर प्रत्येक तहसील कचेरीत ठळक लावा. समाजाने दफनाला किंवा दहनाला जागा नाकारली, तर नगरपालिकेने त्याच दिवशी ती द्यावी. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्यांना दमदाटीपासून संरक्षण मिळावं. देणग्या घेणाऱ्या प्रत्येक धार्मिक न्यासाने हिशेब सभासदांपुढे ठेवावेत, आणि ते मागणाऱ्याला समाजद्रोही ठरवू नये.

८. उरलेलं काम आपलं आहे. आपल्या समाजाने कुणाला वाळीत टाकलं असेल, तर त्याच्या घरी जा, त्याच्या दुकानातून माल घ्या, त्याच्या मुलीच्या लग्नाला हजर राहा. त्याचं मत पटलं नाही तरी जा. बहिष्कार पाळणारे नसतील, तर बहिष्कार घालणाऱ्यांच्या हाती काही उरत नाही.